आबांचा खोकला आणि अँप्लिफायर

माझ्या वडिलांचा खोकला रेकॉर्डवर आहे. गाणं त्यांचं नाही. ते गायन पार्टीत मागे उभं राहून कोरस द्यायचे. त्या पार्टीची एकच छोटी तबकडी निघाली, भीमगीताची. तिच्यात दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकी थांबते, तिथे आबा खोकतात. बिड्या ओढायचे, त्याचं फळ. स्टुडिओवाल्याने पुन्हा गायला वेळ दिला नाही, म्हणून खोकल्यासकट तबकडी निघाली, असं आबाच सांगायचे.

ही गोष्ट मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले आणि माझी धाकटी बहीण ती जन्मभर खोडून काढत आली. ती हडपसरला असते. तिचं म्हणणं, "ताई, तो खोकला नाही, पिनची खरखर आहे. आबांनी थाप मारली आणि तू ती सांभाळत बसलीस."

आमच्याकडचा जुना अँप्लिफायर असा वाजायचा की खोकला काय आणि खरखर काय, सगळं सारखंच. तो मागच्या वर्षी बंद पडला. रेकॉर्ड प्लेअर आणि लाकडी स्पीकर धड होते. आबांच्या स्मृतिदिनाला सगळे कर्वेनगरला माझ्याकडे जमतात. मी ठरवलं, या वेळी चांगलं यंत्र आणायचं आणि बहिणीला चारचौघांत खोकला ऐकवायचा. त्याशिवाय मी मरणार नाही, असं तिला फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "मग आणूच नकोस. जग."

यंत्र निवडायचं काम जावयाने अंगावर घेतलं. तो कोथरूडला राहतो, कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. साधा पंखा घ्यायचा तरी जगभरातले लोक त्या पंख्याबद्दल काय म्हणतात ते आधी वाचतो. महिनाभर रोज संध्याकाळी त्याचा फोन.

"आई, याचा आवाज जरा गरम आहे म्हणतात."

"भाकरी गरम असते. आवाज कसला गरम?"

"आणि आपल्याला प्रीअँपसुद्धा लागेल."

"तो काय असतो?"

मग त्याने समजावलं. रेकॉर्ड प्लेअरमधून निघणारा आवाज फार बारीक असतो, अँप्लिफायरला तो नीट घेता येत नाही. म्हणून मध्ये एक छोटी डबी लावायची. ती आवाज सावरून, थोडा वाढवून पुढे देते. काही अँप्लिफायरच्या पोटातच ती असते.

"म्हणजे साहेबाला भेटायचं तर आधी शिपायाला भेटायचं," मी म्हटलं. "कळलं. पण दोघं मिळून स्वस्तात पडले पाहिजेत. मला खोकला ऐकायचाय, हॉल भाड्याने द्यायचा नाही."

शेवटी मीच म्हटलं, वाचून ऐकू येत नाही, दुकानात चला. रेकॉर्ड प्लेअर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. रिक्षावाल्याने आरशातून दोन-तीनदा बघितलं आणि विचारलं, "आजी, कोणी आजारी वगैरे आहे का?"

"खोकला आहे," मी म्हटलं. त्याने आरसा सरळ केला.

तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानात, दुकानदाराने आधी त्याचंच गाणं लावलं. धाड धाड असं काहीतरी. मी माझी तबकडी पुढे केली.

"आजी, इथे आम्ही वस्तू विकतो. मैफल दुसरीकडे असते."

"मग वस्तूच दाखवा. खोकला ऐकू येईल अशी."

"कोणाचा?"

"माझ्या वडिलांचा."

त्याने जावयाकडे बघितलं. जावई छताकडे बघत होता.

पहिला अँप्लिफायर मोठा, पुढे निळे दिवे, प्रीअँप पोटातच. त्यात ढोलकी अशी वाजली की काउंटरची काच थरथरली. ढोलकी थांबली तरी तिची घरघर थांबेना. खोकला तिने गिळला. दुसरा छान दिसत होता, पण त्याला प्रीअँपच नव्हता. दुकानदार म्हणाला, चालेल तसाच. तसाच चालवला तर अख्खी पार्टी डबीत कोंडलेल्या डासांसारखी गुणगुणली.

"चालला," मी म्हटलं. "आता बंद करा."

मग त्याने कंटाळून खालच्या फळीवरचा एक काळा, बुटका अँप्लिफायर काढला. दिवा एकच. सोबत साबणाच्या वडीएवढा प्रीअँप. "हा कोणी घेत नाही, दिसायला काही नाही त्यात," म्हणाला. गाणं सुरू झालं. पहिल्यांदाच मला कोरसमधले आवाज सुटे सुटे ऐकू आले. दुसरं कडवं संपलं, ढोलकी थांबली, आणि दुकानदार मागे वळून म्हणाला, "कोण आलंय?"

मागे कोणी नव्हतं. मी पर्स उघडली.

घरी आल्यावर मी आमच्या पद्धतीप्रमाणे त्याला कव्हर शिवलं. आमच्याकडे मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला आहे, सिलिंडरलाही आहे. नव्या वस्तूवर धूळ बसू देणं म्हणजे आळस. पडद्याचं जाड कापड उरलं होतं, त्याला झालर लावली. प्रीअँपला त्याच कापडाचं टोपडं केलं. दोन्ही चांगली बसली.

तेव्हापासून यंत्र आजारी. थोडा वेळ गायचं आणि दिवा लाल करून गप्प व्हायचं. जावयाने वायरी बदलल्या, प्लग बदलला, पुन्हा जगभरच्या लोकांना विचारलं. शेवटी आम्ही ते दुकानात नेलं. कव्हर घरी ठेवलं, उगाच मळेल म्हणून. तिथे ते न थांबता वाजलं.

"तुमच्या घरात काही गडबड असेल," दुकानदार म्हणाला.

"आमच्या घरात सगळं नीट आहे," मी म्हणाले आणि परत आणून कव्हर घातलं.

स्मृतिदिनाला वंदना झाली, खीर झाली, घर भरलं होतं. सकाळपासून यंत्रावर अगदी हळू आवाजात दुसरी गाणी चालू होती आणि ते शहाण्यासारखं वागत होतं. मी आवाज वाढवून आबांची तबकडी लावली. बहीण समोर हाताची घडी घालून बसली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, ढोलकी थांबायच्या आत दिवा लाल झाला आणि सगळं शांत.

बहीण म्हणाली, "खोकायच्या आधीच गेला की गं."

सगळे हसले. तिने उठून कव्हरवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "ताई, तापलंय केवढं. या उन्हाळ्यात याला स्वेटर कशाला घातलायस?"

जावयाने कव्हर बघितलं, मला बघितलं. इतके दिवस ते दर खेपेला त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्यानेही कव्हर हा घराचाच भाग धरला होता. कव्हर काढलं. वर जाळी होती, गरम हवा जायला. मी ती झालरीसकट बुजवली होती. सगळ्यांना आणखी एकदा खीर वाढेपर्यंत यंत्र निवू दिलं.

मग पुन्हा लावलं. दुसरं कडवं संपलं, ढोलकी थांबली, आणि आबा खोकले. छातीतून, ओला, बिडीचा. आणि त्याच्या मागोमाग, जे दुकानाच्या गोंगाटात ऐकू आलं नव्हतं, ते आलं. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "गप की."

बहीण म्हणाली, "आबाच. आई पण त्यांना असंच म्हणायची."

"कबूल?"

"कबूल. परत लाव."

मी परत लावलं. पुढे तिनेच दोनदा लावलं, मला न विचारता.

निघताना तिने कव्हर उचलून नीट घडी केली. "कापड चांगलं आहे, तुला आता काय उपयोग? माझ्या टीव्हीखालच्या डब्याला होईल."

तो डबाही तापतो. मी तिला कव्हर न्यायला पिशवी काढून दिली.