धाकट्याचं मत

अण्णा एसटीत कंडक्टर होते. वर्षभर अंगावर खाकी. गुलमंडीवरून कापड आणून शिवलेला पांढरा शर्ट दोनच वेळा बाहेर निघायचा, जयंतीला आणि मतदानाला. मतदानाच्या सकाळी ते आम्हा दोघा भावंडांच्या आंघोळी लवकर उरकून घ्यायचे, मला धाकट्याचं बोट धरायला सांगायचे आणि आम्हाला सोबत घेऊनच शाळेकडं निघायचे. आई तोवर गेलेली होती, त्यामुळं जिथं अण्णा तिथं आम्ही. आम्ही फाटकाबाहेर थांबायचो. ते आत जाऊन यायचे आणि शाई लागलेलं बोट आमच्यापुढं धरायचे.

धाकटा विचारायचा, "दुखतं का?"

"दुखत नाय रे. उलट बरं वाटतं," अण्णा म्हणायचे.

छावणीच्या पलीकडची आमची वस्ती तेव्हा एकगठ्ठा मत द्यायची. निवडणूक जवळ आली की विहारात बैठक व्हायची. म्हातारे भिंतीला टेकून बसायचे, बाया एका बाजूला, पोरं दारात. सगळे बोलून झाले की शेवटी अण्णांकडं बघायचे, कारण वस्तीत पगारी नोकरीला लागलेले पहिले तेच. अण्णा चिन्ह सांगायचे आणि बैठक उठायची. वर्षानुवर्षं ते चिन्ह एकच होतं. ते निवडून यायचं असं नाही, बहुतेकदा पडायचंच. कुणी कुरकुर केली की अण्णा म्हणायचे, "पडलं तरी मोजलं गेलं ना? आपल्या आज्या-पंज्यांना कोण मोजत व्हतं?"

शिक्षणाबद्दलही त्यांचं असंच होतं. त्यात वाद नव्हताच. मी बी.एड. केलं, एका खासगी शाळेत शिकवायला लागले, लग्न होऊन सिडकोत गेले. पण अण्णांचा खरा जीव धाकट्याच्या अभ्यासात. त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी अण्णांची देवगाव रंगारीची फेरी होती. तिकिटं फाडता फाडता त्यांनी अख्ख्या गाडीला पेढे वाटले. कोण कुठले प्रवासी, हातात पिशव्या, कोंबड्या, पण प्रत्येकाला पेढा आणि वर, "आमचं पोरगं इंजिनिअर होणार." पदवी मिळाली तेव्हा तिला चौकट करून त्यांनी ती दर्शनी भिंतीवर लावली. येणाऱ्याची नजर आधी तिथंच जायची.

नोकरी मात्र मिळेना. धाकटा पुण्याला मुलाखतीला जायचा आणि पहाटेच्या गाडीनं परत यायचा. कुठं अनुभव विचारायचे, कुठं इंग्रजी, कुठं काहीच विचारायचे नाहीत, फक्त नाव-गाव लिहून घ्यायचे. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. रोज सकाळी पेपर उघडून जाहिराती वाचून दाखवायचे आणि धाकटा त्यांच्यासमोर मान हलवायचा.

एका संध्याकाळी तो माझ्याकडं सिडकोत आला. मी पोळ्या लाटत होते. ओट्याला टेकून म्हणाला, "आक्का, उद्यापासून कामावर चाललो. वाळूजला."

मला इतका आनंद झाला की लाटणं तसंच हातात. "इंजिनिअर म्हणून?"

"ऑपरेटर म्हणून. बारावीची मार्कशीट दिली. डिग्रीचं सांगितलंच नाय."

"का रे?"

"डिग्रीवाला म्हटलं की ठेकेदार घेत नाय. म्हणतो, हा टिकणार नाय, चार दिवसांत सोडून जाईल. आमच्या लाइनवर माझ्यासारखे अजून हायेत. आम्ही एकमेकांना ओळखतो. पण बोलत नाय त्यावर."

"अण्णांना काय सांगायचं?"

तो हसला. "इंजिनिअर लागलाय म्हणून सांग. खोटं थोडंच हाय? हायेच ना मी इंजिनिअर."

अण्णांनी वस्तीभर सांगितलं. कंपनीची बस कोपऱ्यावर यायची तेव्हा ते दारात उभे राहून बघायचे. धाकटा बसमध्ये चढला, बस वळली, की मग आत यायचे. असं बरेच दिवस चाललं. आणि खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नव्हते. धाकट्याच्या अंगावर जरा मांस आलं. तो रविवारी माझ्या मुलीला फिरायला न्यायचा. मग गंगापूरकडच्या एका मुलीचं स्थळ आलं.

मुलगी बी.एस्सी. झालेली, बोलायला धीट. बघायच्या कार्यक्रमात तिनंच उलटं त्याला विचारलं, "तुम्हाला स्वयंपाक येतो का?" धाकटा म्हणाला, "खिचडी." सगळे हसले. नंतर दोघं फोनवर बोलायला लागले. गच्चीवर फेऱ्या मारत बोलणारा माझा भाऊ मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. सुपारी फोडायची तेवढी बाकी होती.

रीत म्हणून मुलीचा मामा चौकशीला कंपनीच्या फाटकावर गेला. त्यानं धाकट्याचं नाव घेऊन इंजिनिअर साहेबांना भेटायचंय म्हणून सांगितलं. फाटकावरच्या माणसानं आत फोन केला. या नावाचा इंजिनिअर कुणी नाही म्हणाले, एक ऑपरेटर आहे, बारावी पास, ठेकेदाराकडचा.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आणि मामा घरी आले. मी तिथंच होते. मामा बसलेही नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "पाव्हणं, आमाला गरीब पोरगा चालला असता. खोटारडा नाय चालत."

अण्णांना काही कळेना. "कोण खोटं बोललं?"

मामांनी फाटकावरची सगळी हकिकत सांगितली. अण्णा ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अजून रागसुद्धा नव्हता, नुसतं नवल होतं. ते उठले, भिंतीवरची पदवी खाली काढली, शर्टाच्या बाहीनं काच पुसली आणि मुलीच्या वडिलांच्या हातात दिली. "वाचा. विद्यापीठाचा शिक्का हाय."

मुलीच्या वडिलांनी ती वाचली. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं ती हळूच पलंगावर ठेवली आणि खाली बघत म्हणाला, "दादा, आजकाल असले कागद कुठंबी मिळतात."

धाकटा आतल्या दारात उभा होता. अण्णा त्याच्याकडं वळले. "बाळा, सांग यांना."

धाकटा म्हणाला, "अण्णा, ते खरं सांगतायत. तिथं मी बारावी पासच हाय."

पाहुणे गेल्यावर अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "मला का नाय सांगितलं?"

"तुमी अख्ख्या गाडीला पेढे वाटले व्हते," धाकटा म्हणाला, आणि गच्चीवर निघून गेला.

गोष्ट तिथंच थांबली असती तरी आम्ही सावरलो असतो. पण मामांच्या चौकशीनं कंपनीत बोलणं झालं. ठेकेदारानं धाकट्याला बोलावून विचारलं, आणि त्यानं कबूल केलं. माहिती लपवली म्हणून त्याला त्याच दिवशी कामावरून बंद केलं. चोरी केली, मारामारी केली म्हणून काढलेले लोक मला माहीत होते. माझ्या भावाला तो शिकला म्हणून काढलं. त्या मुलीचा एकदा फोन आला. तो बोलून खाली आला आणि म्हणाला, "वैजापूरला जमतंय तिचं. चांगलं घर हाय." नंतर तो त्या विषयावर कधी बोलला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी निवडणूक लागली. दुसऱ्या बाजूच्या उमेदवाराचा एक जवळचा माणूस वस्तीत यायला लागला. त्याची स्वतःची शिक्षणसंस्था होती. त्यानं धाकट्याला हेरलं. वस्तीतली शिकलेली, रिकामी पोरं धाकट्याचं ऐकायची. तो माणूस म्हणाला, पोरांना आमच्याकडं वळव, संस्थेच्या प्रयोगशाळेत तुझी कायमची सोय करतो.

विहारातल्या बैठकीला मी मुद्दाम गेले. म्हातारे बोलून झाले, सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं, आणि अण्णा तोंड उघडणार तेवढ्यात धाकटा दारातून पुढं आला.

"अण्णा, आमी पोरं यंदा वेगळं मत देणार."

विहारात कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "काय मिळणार हाय रं तुला?"

"नोकरी," धाकटा म्हणाला. त्यानं लपवलं नाही. "तुमच्या काळात शिक्षण दाखवलं की नोकरी मिळायची. मला लपवावं लागलं. तरीबी गेली."

अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, "मत असं कशाच्या बदल्यात देत नसतात, बाळा."

"मंग कशासाठी देतात, अण्णा? सांगा ना. तुमी एवढी वर्षं दिलं."

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला रडू आलं म्हणून मी चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर गेले. त्या दिवशी बैठक कुणीच उठवली नाही. माणसं एकेक करून उठून गेली.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर दोन टेबलं होती. एका टेबलावर अण्णांच्या वयाचे लोक. दुसऱ्यावर धाकटा, समोर मतदारयादी, भोवती पोरं. अण्णा पांढरा शर्ट घालून आले. मला वाटलं ते नेहमीच्या टेबलाकडं जातील. ते सरळ धाकट्यापुढं जाऊन उभे राहिले.

"माझं नाव बघून दे."

धाकट्यानं मान खाली घालून यादीत बोट फिरवलं, चिठ्ठीवर क्रमांक लिहिला आणि चिठ्ठी दिली. "चष्मा घेतलाय ना? आतलं बारीक असतं."

"घेतलाय."

एवढंच बोलणं झालं. अण्णांनी आत जाऊन कुणाला मत दिलं ते मला आजही माहीत नाही. धाकट्यालाही नाही.

त्याचा उमेदवार निवडून आला. गुलालानं माखून तो घरी आला तेव्हा अण्णा म्हणाले, "पाणी तापलंय, आंघोळ कर." मग संस्थेच्या ऑफिसात धाकट्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आज साहेब मुंबईला आहेत, आज मीटिंग आहे, पुढच्या सत्रात बघू. तो तिथं सतरंज्या उचलायचा, लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, फोन घ्यायचा. प्रयोगशाळेतली जागा शेवटी त्या संस्थावाल्याच्या साडूच्या मुलाला गेली. धाकट्यानं तेही सहन केलं असतं. पण ज्या पोरांना त्यानं वळवलं होतं ती रोज गल्लीत अडवून विचारायची, "दादा, आमचं काय झालं?" त्याला गल्लीतून चालणं नको झालं. एक दिवस बॅग भरून तो चाकणला गेला. तिथंही त्यानं बारावीचीच मार्कशीट दिली.

पुढची निवडणूक आली तेव्हा विहारात बैठक झाली नाही. प्रत्येक घराचं वेगळं चाललं होतं. काही घरांत तर प्रत्येक माणसाचं. अण्णांना कुणी विचारायला आलं नाही. मी सकाळी सिडकोत मत दिलं आणि दुपारी त्यांच्याकडं गेले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तुझे अण्णा सकाळधरनं शाळेपाशीच हायेत."

ते शाळेसमोरच्या बुटक्या कठड्यावर बसले होते. बाजूला पाण्याची बाटली. बोटावर शाई होती.

"अण्णा, मत देऊन झालं ना? मग इथं काय करताय?"

"बसलोय."

"उन्हात?"

"धाकट्याचं नाव हाय यादीत. तो येणार नाय हे सगळ्या वस्तीला ठाऊक हाय. त्याच्या नावावर दुसराच कुणी टाकून जाईल."

"आत माणसं असतात, अण्णा. ओळखपत्र बघतात."

"बघत असतील," ते म्हणाले. पण उठले नाहीत.

मी त्यांच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळानं ते आपणहून बोलले. "फोन केला व्हता त्याला. म्हटलं, ये एका दिवसासाठी. तर म्हणाला, अण्णा, येऊन काय करू? मी म्हटलं, तुला वाटंल त्याला दे. माझं काय म्हणणं नाय." त्यांनी तोंड पुसलं. "तर म्हणाला, मला कुणालाच द्यावं वाटत नाय."

"मग राहू द्या ना, अण्णा."

"राहूच देतोय. पण त्याचं त्याचं राहू दे. बाकी सगळं तर लोकांनीच नेलं त्याचं."

ऊन उतरलं. फाटक लावायची वेळ झाली तेव्हा अण्णा उठले. आत यादी घेऊन बसलेला, वस्तीतलाच एक पोरगा बाहेर येत होता. अण्णांनी त्याला थांबवून धाकट्याचं नाव सांगितलं. "या नावावर आलं व्हतं का कुणी?"

त्यानं यादी चाळली. "नाय काका. कोरं हाय."

अण्णांनी तिथंच फाटकापाशी मला फोन लावायला सांगितला. धाकट्यानं उचलला. मागं यंत्रांचा मोठा आवाज येत होता. अण्णा ओरडूनच बोलले, "बाळा, तुझं मत कुणी नेलं नाय. मी दिवसभर इथंच व्हतो."

मग त्यांनी बराच वेळ कान लावून ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. "काय म्हणतो बघ. मला ऐकू येत नाय."

मी फोन कानाला लावला. यंत्रांच्या आवाजात मधूनच नुसता त्याचा श्वास ऐकू यायचा, तुटक, लहानपणी रडून थकल्यावर असायचा तसा. मी नुसतीच "अरे, बोल ना, बोल ना" म्हणत राहिले, आणि अण्णा माझी बाही ओढून विचारत होते, "पोचलं का गं त्याला? ऐकलं का त्यानं?"