शेठच्या कारखान्याला कुलूप

वकिलाकडे एरवी भांडणारी दोन माणसं येतात. कंपनी बुडाली की अर्धं गाव येतं, आणि जो तो एकेक किस्सा ठेवून जातो!

छत्तीस सालच्या सुमारास नाशिकची एक पितळी भांड्यांची लिमिटेड कंपनी बुडाली. कोर्टाने आमच्या देवधर वकिलांना लिक्विडेटर नेमलं. म्हणजे उरलंसुरलं ताब्यात घ्यायचं, विकायचं आणि ज्यांचं येणं आहे त्यांना कायद्याप्रमाणे वाटायचं. मी त्यांचा कारकून.

पहिल्या दिवशी कारखान्यावर गेलो, तर मॅनेजिंग डायरेक्टर नानाशेठ दारातच उभे. "चाव्या हरवल्यात हो! चार दिवसांनी या."

देवधरांनी पिशवीतून तीन नवी कुलपं काढली. "काही हरकत नाही. तुमच्या कुलपांवर आमची लावून जातो!"

पाच मिनिटांत चाव्या सापडल्या.

* * *

रहीमभाई भट्टीला कोळसा पुरवायचे. सहा महिन्यांचं थकलेलं बिल घेऊन ते आले. नानाशेठ म्हणाले, "सहा महिन्यांत यांचा कोळसा आलाच नाही."

रहीमभाई उसळले, "मग भट्टी काय तुमच्या फुंकरीवर पेटत होती, शेठ?"

ऑफिसात हशा पिकला. देवधर मात्र हसले नाहीत. त्यांनी भट्टीवाल्याला बोलावलं, जबाब घेतला आणि रहीमभाईंचा क्लेम मंजूर केला.

* * *

पत्रा दाबायचं मोठं प्रेस गायब होतं. शोधत शोधत आम्ही पिंपळगाव बसवंतला पोचलो. नानाशेठच्या मेहुण्याच्या गोठ्यात, कडब्याखाली ते सापडलं.

"माझ्या कर्जापोटी दिलंय मला," मेहुणा म्हणाला.

"कधी?"

"कंपनी बंद करायचा अर्ज कोर्टात पडायच्या आठवडाभर आधी."

"म्हणजे बाकीच्यांना डावलून! कायद्याला हे चालत नाही. तुम्हीही रांगेत या." देवधर माझ्याकडे वळले, "गाडी बोलवा."

मेहुणा गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला. देवधर समोरच्या दगडावर बसले. दुपार टळली, तेव्हा तो बाजूला झाला.

* * *

प्रेस विकलं गेलं. कायद्याने कामगारांचा दोन महिन्यांचा थकलेला पगार आधी द्यायचा होता. सगळे ऑफिसात जमले. इतक्यात नानाशेठ अर्ज घेऊन हजर!

"मीही कंपनीचा नोकरच की. माझा पगार राहिलाय. आधी मला मिळायला हवा."

भांडी उजळणारी सखूबाई कोपऱ्यातून उठली. पितळ घासून तिची बोटं काळी पडली होती.

"द्या की वकीलसाहेब," ती म्हणाली. "शेठ कोंच्या दिवशी कामावर आलं व्हतं, तेवढं त्यास्नी सांगू द्या. आमी समदे साक्ष देतो!"

सगळे कामगार उभे राहिले.

नानाशेठनी अर्जाची घडी केली आणि खिशात घातली.