सानियाच्या टेस्ट कुठे गेल्या

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. ‘क्लबातलं क्लबातच राहू दे,’ असं रोहनने बजावलं होतं. पण टेस्टच्या फोल्डरांचे किस्से इतके साचले आहेत की एखाददुसरा बाहेर पडणारच.

बदनापूरच्या आमच्या शाळेत कोडिंग क्लब आहे. दहावीचा रोहन, त्याच्याच वर्गातला ओंकार आणि नववीतल्या आम्ही दोघी, सानिया आणि मी. ग्रंथालयाची पुस्तकं देण्या-घेण्याचा प्रोग्राम आम्ही लिहिलाय. टेस्ट म्हणजे त्या प्रोग्रामची परीक्षा घेणारं छोटं कोड. पास झालं तर हिरवी ओळ, नापास झालं तर लाल. हे सगळं एका सामायिक रिपॉझिटरीत असतं. एकाने ठेवलं की सगळ्यांना दिसतं.

सुरुवातीला तिथे ‘टेस्ट’, ‘टेस्ट नवीन’, ‘टेस्ट खरी’ आणि ‘हात लावू नका’ असे फोल्डर होते. शेवटचा ओंकारचा. सगळ्यांनी आधी तोच उघडला!

क्लबचे सर वैतागले. “एसटीत रुमाल टाकून जागा धरता, तसे फोल्डर टाकून राह्यले का रे?”

मग ठरलं, ज्याच्या त्याच्या नावाचा फोल्डर.

*

ओंकारच्या टेस्ट कायम हिरव्या. एकदाही लाल नाही. सरांना शंका आली, त्यांनी फाइल उघडली.

“ओंकार, आत तर काहीच न्हाई!”

“म्हणून तर नापास होत न्हाई, सर!”

*

सानियाचा फोल्डर सगळ्यात भरलेला. तिला एकच ध्यास होता, जालन्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जायचं. तिच्या अब्बूंचं स्टेशन रोडला शिलाईचं दुकान आहे. ते म्हणाले होते, “भेजतूं, बिलकुल भेजतूं. पहले काम दिखाओ.”

तिने त्यांना शनिवारी शाळेत बोलावलं.

*

शुक्रवारी रोहनने आवराआवर केली. टेस्ट माणसांच्या नावाने नसतात, कामाच्या नावाने असतात, असं तो कुठेतरी शिकला होता. त्याने ‘पुस्तक देणे’, ‘परत घेणे’, ‘उशीर’ असे फोल्डर केले आणि सगळ्यांच्या टेस्ट त्यांत वाटून टाकल्या. आमच्या नावांचे फोल्डर पुसले. सर म्हणाले, “शाब्बास, आता कुठे घर घरासारखं दिसतंय.” आणि ते खरंच नीटनेटकं दिसत होतं.

फक्त आम्ही सगळे शाळेच्या एकाच लॉगिनने काम करतो. कोणी काय लिहिलं हे सांगणारं त्या फोल्डरांशिवाय काहीच नव्हतं.

*

शनिवारी अब्बू आले. चष्मा लावला, स्क्रीनवर बोट फिरवलं. सगळ्या ओळी हिरव्यागार.

“इसमें सानिया किधर है?”

सानिया फोल्डर शोधत राहिली. रोहन घाईने म्हणाला, “चाचा, ती सगळीकडे आहे.”

“सब जगह है, मतलब कहीं नै.”

आवाज चढवला नाही त्यांनी. रोहनने पुष्कळ समजावलं. अब्बूंनी ऐकून घेतलं, “शुक्रिया बेटा” म्हणाले आणि सानियाला घेऊन गेले. तिची पाण्याची बाटली कीबोर्डजवळ तशीच राहिली.

रविवारी जालन्याला आम्ही तिघंच गेलो. जीपमध्ये पाय पसरून बसता येत होतं. कोणीच पसरले नाहीत.

*

प्रदर्शनात परीक्षक बाई म्हणाल्या, “चालतंय ते दिसलं. आता मुद्दाम बिघडवून दाखवा.”

रोहनने एक ओळ बदलली, म्हणजे तेच पुस्तक एकाच वेळी दोघांना देता येईल. मग टेस्ट चालवल्या. टेस्ट नापास झाली की लाल ओळीत काय यावं, हे ती लिहिणारा ठरवतो. आमच्या तर आजवर ‘चूक’ एवढंच यायचं.

बाईंनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, “एक किताब दो जनों को? आधी-आधी फाड़ के देगा क्या, रोहनभाई?”

आजूबाजूची पोरं हसायला लागली.

“हे कोणी लिहिलं?”

रोहनची मान खाली. “सानियानं. ती आली न्हाई, मॅडम.”

“आली न्हाई कशी? तीच तर बोलून राह्यली!”

सोमवारी मी सानियाला हे जसंच्या तसं सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, “अब्बू को कौन बताएगा?” मला तर दुकानदाराकडे पेन मागतानासुद्धा घाम फुटतो. तरी मी म्हटलं, “मी येते, पण तू माझ्या शेजारीच उभी राहा,” आणि आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर चढलो, तर अब्बू मशीन थांबवून… थांबा हं, आई हाक मारतेय.

आले, आई!