लोखंडाचा फुगवटा

धातूचा रस ढवळल्याशिवाय नीट होत नाही, हे माझ्या नवऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. धुळ्याला तो पितळ ओतायचा. तिथं मुशीत सळई घालून ढवळत उमर गेली. मग आम्ही जळगावला आलो, पंपाचे भाग ओतणाऱ्या कारखान्यात. तो भट्टीवर, मी साच्यांची रेती चाळायला.

ही भट्टी विजेची. भोवती तांब्याच्या जाड नळीचे वेढे, त्यांतून वीज जायची. फोरमन म्हणाला, त्यानं चुंबकाचा जोर आत लागतो आणि रस आपोआप फिरतो. मी चौथी शिकलेली, मला तेवढं पुरलं. डोळ्यांना दिसतच होतं की. हात न लावता लोखंड मधोमध फुगून वर यायचं, कडेनं खाली उतरायचं, पुन्हा मधून वर. भट्टी गुणगुणायची. ते बघायला मला आवडायचं. आजही उन्हाळ्यात बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारीचा घाटा रटरटायला लागला की तो फुगवटा आठवतो.

घाट्यासारखंच त्याचं होतं. पातेलं भरलेलं असलं की घाटा शांत शिजतो. थोडाच उरला आणि जाळ तेवढाच ठेवला, की उसळून हात भाजतो. भट्टी भरलेली असताना फुगवटा जागच्या जागी उभा राहायचा. अर्धी रिकामी झाली आणि वीज तेवढीच राहिली, की डुलायला लागायचा.

नवऱ्याला ते डुलणं म्हणजे चांगलं ढवळणं वाटायचं. भट्टी अर्धी झाली की तो मुद्दाम वीज वाढवायचा, वर सळई घेऊन वाकायचा. त्याच्या हातांवर भाजल्याचे डाग पडलेले होतेच. मला भीती होती त्याच्या डोळ्यांची. भट्टीवर घालायचा चष्मा तो खिशात ठेवायचा.

"अहो, कमी करा. डुलतंय ते," मी एकदा म्हटलं.

"तुले काय समजस? हाई घाटा शे का?"

साचे भरणारे दोघं हसले. "अक्का, चव बघून सांगा!"

"तुझ्या जिभेवर ठेवते आधी," मी म्हटलं, पण नजर भट्टीवरच होती. फुगवटा एका बाजूला कलला, सावरला, मग दुसऱ्या बाजूला जास्तच कलला. नवरा वाकलेला. मी चाळणी टाकली, धावत जाऊन विजेच्या पेटीवरचं लाल बटण दाबलं आणि ओरडले, "मांगे सरा!"

तो मागे झाला तेवढ्यात कडेवरून रस उडाला. तो उभा होता तिथली रेती चरचरली. मग फुगवटा खाली बसला, भट्टी गप्प झाली.

फोरमन धावत आला. "कुणी बंद केली?"

"मीच," नवरा म्हणाला.

"बरं केलंस. डोळे गेले असते."

मी चाळणी उचलली. रागानं रेती दाणदाण चाळत सुटले. घरी गेल्यावर भाकरी त्याच्यापुढे आदळली. तो खाली मान घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी भट्टी अर्धी झाली. त्यानं चष्मा घातला, वीज कमी-जास्त करायच्या हँडलला हात लावला आणि माझ्याकडे वळला.

"देख वं."

मी बघितलं. "कमी करा."

त्यानं कमी केली. भट्टीवर होता तोवर रोज विचारायचा. सळई मात्र त्यानं कधी सोडली नाही.