काकूंना विचारलंस का?

कर्जतच्या शाळेतल्या आमच्या दहावीच्या वर्गाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, पावसाचे अंदाज येतात, कधी स्नेहसंमेलनातला एखादा पिवळा पडलेला फोटो येतो. मी आता सावेडीत राहते, एका शाळेत इतिहास शिकवते. मधल्या सुट्टीत डबा खाताना तो ग्रुप उघडला, की एसटीत मांडीवर दप्तर घेऊन बसल्यासारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वी त्याच ग्रुपवर माझं एका वर्गमित्राशी वाजलं.

शाळेत माझ्या प्रयोगवहीतल्या आकृत्या हाच काढून द्यायचा. आता त्याच्या गावात त्याचं खतांचं दुकान आहे. त्याने स्त्रीवादाची टर उडवणारा एक लांबलचक मजकूर पाठवला. महिला सरपंच नुसत्या सहीपुरत्या असतात, कारभार नवरेच बघतात, आणि एका मोठ्या संस्थेच्या अहवालात हे सिद्ध झालंय, असं त्यात होतं. कोणती संस्था, कोणता अहवाल, असं मी विचारलं. तो म्हणाला, सगळीकडे फिरतोय, खोटा कसा असेल?

मला राग आला. रागाच्या भरात मी कुठूनतरी एका महिला सरपंचाचा फोटो आणि तिने गावात पाणी कसं आणलं त्याची गोष्ट शोधली आणि ग्रुपवर टाकली. थोड्या वेळाने एका मैत्रिणीचा मला वेगळा मेसेज आला. हाच फोटो तिला आधी दुसऱ्याच गावातली दुसरीच बाई म्हणून आला होता. सगळ्यांसमोर ती काही बोलली नाही, हे तिचे उपकार. मी फोटो काढून टाकला. इतिहासाची साधनं कशी तपासायची हे मुलांना शिकवणारी मी.

पण मग मला वाटलं, फोटो कशाला हवा? माझ्या घरातच पुरावा आहे. मी सातवीत असताना आमच्या गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि चौथी शिकलेली माझी आई सरपंच झाली. ग्रामपंचायतीची ती एकच खोली अजून डोळ्यांपुढे आहे. आई खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचणारी. शेजारी ग्रामसेवक ताटकळत उभा. शाळेतून येताना मी खिडकीशी थांबायची. तिला मी दिसायची, पण ठराव वाचून होईपर्यंत ती मान वर करायची नाही. तेव्हा मला तिचा इतका अभिमान वाटायचा, की घरी जाऊन मीही पाठ्यपुस्तकावर बोट फिरवत वाचायची.

मी ग्रुपवर लिहिलं, माझ्या आईने पाच वर्षांत न वाचता एकाही कागदावर सही केलेली नाही.

त्याचं उत्तर आलं, "तू तेव्हा लहान होतीस. काकूंना विचारलंस का?"

विचारलं नव्हतं.

रविवारी मी गावाला गेले. आई ओसरीत मटकी निवडत होती. मी शेजारी बसले, सगळं सांगितलं. ती हसली.

"पयलं सव्वा वरीस मी काय बी वाचलं न्हाई," ती म्हणाली. "तुझे वडील म्हनायचे, कर सही. मी करायची."

पुढचं तिने निवडता निवडता सांगितलं. बौद्धवस्तीसाठी मंजूर झालेला हापसा वस्तीत न बसता चावडीजवळ बसला. तेव्हा वस्तीतली एक बाई घरी येऊन म्हणाली, ठरावावर तुमची सही हाय. आईने कागद मागवला. तिला तेव्हा भराभर वाचता येत नव्हतं, म्हणून तो मीच तिला वाचून दाखवला. हापसा चावडीजवळ बसवावा असं त्यात होतं आणि खाली तिचीच सही होती. त्यानंतर तिने वाचायला सुरुवात केली.

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. खिडकीतून दिसलेली आई लख्ख आठवते. तो कागद मी वाचला, हे मात्र साफ पुसलं गेलं होतं. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "माज्या सांगन्यावर तरी कशाला जातीस? वस्तीतल्या त्या बाईलाच इचार की."

मी वस्तीत गेले. ती बाई आता सत्तरीच्या पुढे आहे. तिने चहा ठेवला, आईची खुशाली विचारली. आईने भर ग्रामसभेत स्वतःची चूक कबूल केल्याचं तिने आपणहून सांगितलं. वस्तीत दुसरा हापसाही बसला. मी खूश होऊन उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पर तो दोन उन्हाळ्यानंतर बसला. तवर आमी लांबून पानी आनलं. लिहिनार असशील तर ते बी लिही."

मी ग्रुपवर तेही लिहिलं. आईची न वाचता केलेली सही, दोन उन्हाळे, माझी चुकलेली आठवण, कोणाला विचारलं ते, सगळं. एकाने लगेच लिहिलं, म्हणजे सहीपुरत्याच ना? मी म्हटलं, सव्वा वर्ष, हो. पुढची पावणेचार वर्षं नाही. दुसऱ्या दिवशी कुणाचातरी वाढदिवस होता, ग्रुपवर शुभेच्छा सुरू झाल्या.

आठवड्याने त्या मित्राचा फोन आला. तो मजकूर मेव्हण्याने पाठवला होता, कुणी लिहिला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग त्याने घरचं सांगितलं. त्याची बायको त्या वर्षी पंचायतीवर निवडून आली होती. कागद दुकानात यायचे, तोच बघायचा, ती सही करायची.

"आमच्याच घरात तसं चाललंय, म्हणून मला ते खरं वाटलं," तो म्हणाला. मग त्याने आईचा नंबर मागितला, बायकोसाठी.

त्यानंतर ती दोन-तीनदा आईकडे येऊन गेली. काय शिकवलंस, असं मी आईला विचारलं.

"शिकवायचं काय? माज्यापरीस लई शिकलीय ती," आई म्हणाली. "कागद नवऱ्याच्या दुकानात कशाला जातो, येवढंच इचारलं. आता पंचायतीतच बसून वाचती म्हनं."