बॅटरीवरचे तीन आकडे

१९४४ साली आमची पलटण ब्रह्मदेशाच्या हद्दीवर होती. मी सिग्नल स्टोअरला लान्स नाईक. गाव कळंब, शिक्षण तिसरी. वायरलेस सेटचे व्हॉल्व्ह आणि बॅटऱ्या सांभाळायच्या, हे काम.

प्रत्येक बॅटरीवर तीन आकडे छापलेले असत. पहिला सालाचा, पुढचे दोन आठवड्याचे. ३०८ म्हणजे त्रेचाळीस सालच्या आठव्या आठवड्यातला माल. ४०५ म्हणजे चव्वेचाळीसचा पाचवा आठवडा. बॅटरी नुसती पडून राहिली तरी मरते, दमट हवेत लवकर मरते, हेही हवालदारसाहेबांनी सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये.

पण आमच्या घरी कणगीतलं जुनं भात संपल्याशिवाय नव्याला हात लावत नसत. स्टोअर मी तसंच चालवलं.

त्या दिवशी सकाळी साडेपाचला अकरा जणांची तुकडी गस्तीला निघाली. सेट सखारामच्या पाठीवर. तो पोशीरचा, माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. त्यानं बॅटरी उलटी करून पाहिली.

"दाजी, ३०८? नवी पेटी हाय ना मागं? का पोरीच्या लग्नाला ठेवलीत?"

"आधी ही संपव. मीटरचा काटा चढतोय."

"चढतोय, पर टिकंल का?"

"दुपारी परत येणार ना? मग झालं."

"लय चिकट तुमी," म्हणाला, आणि गेला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सिग्नल तंबूत होतो. सेटवर त्याचा आवाज आला. बेकर हे आमच्या तंबूचं सांकेतिक नाव.

"हॅलो बेकर. नाल्यात अडकलोय. डाव्या टेकडीवर मशीनगन. तोफा मागवा. मॅप रेफरन्स..."

पुढचं बारीक होत गेलं.

"पुन्हा बोल. ओव्हर."

काही नाही. टेकडी कुठली ते कळल्याशिवाय तोफा चालवता येईनात.

दुपारी पाच जण परत आले. सखाराम त्यांच्यात नव्हता. ते म्हणाले, शेवटपर्यंत तो सेटवर नकाशाचे आकडे सांगत होता.

चौकशीत 'सेट बंद पडला' एवढंच लिहिलं गेलं. स्टोअरचं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

बायको दर भाऊबीजेला विचारायची, "वाचला असता का वो तो?" मी नाही म्हणायचो. गेल्या माघात ती गेली. तिच्यासमोर बोलायला हवं होतं. ती ऐकायला असताना माझं तोंड उघडलं नाही.

सखाराम तेवीस वर्षांचा होता. त्याचा आवाज मोठा. पोशीरच्या बांधावरून त्यानं हाक मारली की चार शेतं पलीकडचा माणूस मान वर करायचा.