ओटीच्या कापडाची वाकळ

चंद्रप्रभाबाईंनी उभ्या आयुष्यात वाकळीसाठी बाजारातून वीतभर कापड आणलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या कुणी विचारलं नाही तरी सांगत. वाकळ म्हणजे तुमची-आमची गोधडी. त्यांच्या फलटणकडे वाकळच म्हणतात. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी भुसावळ, झाशी करत त्या लखनौच्या मानक नगरात येऊन पडल्या. सब्जी, भैया, अच्छा त्यांच्याही तोंडात बसलं, पण वाकळीची गोधडी काही त्यांनी होऊ दिली नाही.

पलंगाखाली त्यांच्या दोन ट्रंका होत्या. पहिलीत सगळं जुनं: विटलेल्या साड्या, सासऱ्यांची धोतरं, शेजारच्या बंगाली बाईनं टाकायला काढलेली चादर, चिकनकारीच्या दुकानातून मागून आणलेल्या चिंध्या. नवऱ्याचे, म्हणजे रमाकांतरावांचे शर्ट तर कॉलर विरायच्या आतच तिथे जात. "आमच्या घरात अंगातला शर्ट काढून ठेवायचीसुद्धा भीती वाटते," असं ते पाहुण्यांना सांगत.

दुसऱ्या ट्रंकेतलं कापड मात्र कोरं करकरीत होतं. ते ओटीत आलेले ब्लाऊजपीस होते.

आता मराठी बायकांना हे सांगायला नको, पण ओटीचा ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही. आज मी तुम्हाला दिला तो तुम्ही उद्या हिला द्यायचा, हिनं परवा तिला. लखनौत मराठी घरं मोजकी, त्यामुळे कापड फिरून फिरून तिथेच येई. एकदा तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा सुलभाताईंनी एका बाईची ओटी तिनंच त्यांना दिलेल्या कापडानं भरली. कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून तिनं ते ओळखलं, आणि हसून पुढच्या घरी दिलं. या चक्रात खोडा एकच होता. चंद्रप्रभाबाईंकडे गेलेला ब्लाऊजपीस परत येत नसे. दुसऱ्याची ओटी भरायची वेळ आली की त्या नुसता नारळ आणि तांदूळ घालत. ओटीत पडलेलं पुढे ढकलायचं नसतं, असं त्यांची आई सांगायची. कुणीतरी आपलं बरं चिंतलेलं असतं त्यात. बायका त्यांना चिक्कू म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांच्या दंडाचा ब्लाऊज त्या एवढ्याशा कापडात बसणं शक्य नव्हतं, म्हणून ट्रंक भरत गेली.

वाकळ एकटीनं होत नाही. दोघी समोरासमोर बसतात, कडेनं धावदोरा घालत मध्यावर येतात. चंद्रप्रभाबाईंच्या समोर गेली कित्येक वर्षं मधुमती बसायची. ती तेलीबागेत राहते, शाळेत शिकवते. तिचा नवरा गजेंद्र हवाई दलात, बख्शी का तालाबच्या तळावर होता. दोन वर्षांपूर्वी तो आजारी पडला आणि बघता बघता गेला. मंडळानं मधुमतीला काढून टाकलं नाही, मंडळ सुधारलेलं आहे. त्यांनी तिला स्वयंपाकघर दिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर बायका नटूनथटून बसत, आणि मधुमती आत चहा गाळत असे. "तिलाच बाहेर अवघडल्यासारखं होईल ना," असं सगळ्या म्हणत. तिला विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

डिसेंबरात, धुकं पडायला लागलं तेव्हा एक दिवस सुलभाताई चंद्रप्रभाबाईंच्या दारात रिक्षातून उतरल्या. हातात अमीनाबादच्या दुकानाची मोठी पिशवी. आत काळं सॅटिन, लाल मखमल, सोनेरी काठ.

"आमच्या देविकाची पहिली संक्रांत आहे," त्या म्हणाल्या. देविका म्हणजे त्यांची नवी सून. "हळदीकुंकू यंदा आमच्याच घरी. तुझ्या हातची गोधडी तिच्या मांडीवर घालायची, सगळ्यांसमोर. कापड मी आणलंय, तुला काही बघायला नको."

"नव्या कापडाची वाकळ मी शिवत नाही, सुलभाताई."

"अगं, पण नव्या नवरीला काय लोकांची जुनेरं पांघरायची?"

"नव्या कापडात खळ असते. पहिल्या धुण्यात आटतं, चुण्या पडतात, रंग जातो. जुन्या कापडाचं जे काही जायचं ते जाऊन झालेलं असतं. सॅटिन तर मांडीवर ठरायचंसुद्धा नाही." चंद्रप्रभाबाईंनी पिशवी त्यांच्याकडे सरकवली. "आणि घरात ट्रंका भरलेल्या असताना अमीनाबाद पालथं घालायचं, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा."

सुलभाताईंना राग आला, पण चहा अर्धा राहिला होता. तो संपवता संपवता त्या हळदीकुंकवाची कामं वाटू लागल्या. वाण कुणी आणायचं, तिळगूळ कुणी करायचा. "आणि मधुमतीला म्हणावं नेहमीसारखं आतलं बघ. पहिलीच संक्रांत आहे पोरीची. बाहेर नको. मला काही वाटत नाही गं, पण लोकांना वाटतं."

चंद्रप्रभाबाईंना ते वाक्य दाताखाली खडा यावा तसं लागलं. लोक म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही, कारण लोक समोरच बसून बिस्कीट बुडवत होते. सुलभाताई पिशवी घेऊन गेल्या आणि त्यांनी दार लावून दुसरी ट्रंक ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी मधुमती आली तेव्हा खळ जावी म्हणून रात्रीच गरम पाण्यातून काढून इस्त्रीनं वाळवलेले ब्लाऊजपीस सतरंजीवर पसरलेले होते. मोरपंखी, आमसुली, चिंतामणी, अबोली. आतल्या थरांना जुनी धोतरं, वर हे कापड. चंद्रप्रभाबाई कात्री चालवत होत्या. वाकळ कुणासाठी, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

मधुमतीनं सुई घेतली, आणि थांबली.

"वहिनी, हे ओटीचे आहेत."

"मग?"

"मी हात लावू का?"

तिनं हे साधेपणानं विचारलं होतं, पंखा लावू का असं विचारावं तसं. चंद्रप्रभाबाईंचा संताप संताप झाला. मधुमतीवर नव्हे, शिकलेल्या, चार पोरांना गणित शिकवणाऱ्या बाईच्या तोंडात हा प्रश्न ज्यांनी घातला त्यांच्यावर. त्यातल्या निम्म्या तर त्यांच्या मैत्रिणी होत्या.

"सुई धर," त्या म्हणाल्या. "धागा दुहेरी घे."

दोघींनी समोरासमोरच्या कडा धरून धावदोरा सुरू केला. मग मधुमतीनं एक जांभळा तुकडा बोटांनी चाचपला. "हा मी दिलेला. आम्ही बख्शी का तालाबला क्वार्टर मिळाल्यावर तुम्हाला बोलावलं होतं तेव्हाचा. गजेंद्रनं निवडला होता. तुम्ही अजून ठेवलाय?"

"माझ्याकडून काही जात नाही. चिक्कू आहे मी."

मधुमती हसली. मग सुई ओढता ओढता, वर न बघता म्हणाली, "मला कुंकू नकोय, वहिनी. त्याचं मला काही नाही. मला फक्त बाहेर बसायचंय. आतून सगळ्यांचं हसणं ऐकू येतं, आणि कशावर हसल्या ते कळत नाही."

चंद्रप्रभाबाईंनी जांभळा तुकडा उचलला आणि बरोबर मधोमध लावला.

रमाकांतरावांना सुगावा लागायला वेळ लागला नाही. "अगं, हे हात दाखवून अवलक्षण आहे," ते म्हणाले. "याच लोकांत राहायचंय आपल्याला. तुझ्या आजारपणात डबे कुणी आणले होते? सुलभाताईंनीच ना?"

"त्यांनीच. आणि ते डबे करायला त्यांच्याकडे मधुमतीच जात होती."

हे रमाकांतरावांना माहीत नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारीसुद्धा ऊन नव्हतं. सुलभाताईंच्या बैठकीच्या खोलीत बायका शाली सावरून बसल्या होत्या. मध्ये देविका, काळी साडी, गळ्यात-हातात हलव्याचे दागिने. तिच्या मांडीवर बाजारातून आणलेली लाल सॅटिनची रजई होती. ती दर थोड्या वेळानं घसरून जमिनीवर येई, आणि देविका हलव्याच्या बांगड्या सांभाळत ती वर ओढी. चंद्रप्रभाबाई वाकळीची गुंडाळी घेऊन आल्या तशा सुलभाताईंचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, शेवटी बाई वळणावर आली.

चंद्रप्रभाबाई थांबल्या नाहीत. त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या. मधुमती ओट्याशी आलं किसत होती. त्यांनी गॅस बंद केला, तिच्या हातातली किसणी काढून ठेवली आणि तिला मनगटाला धरून बाहेर आणलं. दिवाणाजवळच्या खुर्चीत बसवलं. मग सगळी ट्रंक जिच्यात मावली होती ती लांबरुंद वाकळ झटकली आणि तिच्या मांडीवर पसरली.



"एक कोपरा राहिलाय," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "आमच्याकडची रीत तुला माहितीये. जिची वाकळ, तिनं शेवटचा कोपरा शिवायचा."

मधुमतीला रीत माहीत होती. दोघींनी मिळून शिवलेल्या प्रत्येक वाकळीचा चौथा कोपरा त्यांनी दुसऱ्या कुणासाठी मोकळा सोडला होता. तिनं वाकळीकडे पाहिलं, मग चंद्रप्रभाबाईंकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही.

तोवर बायकांनी कापड ओळखायला सुरुवात केली होती. सवय ती सवय. "अय्या, हा माझा. वास्तुशांतीला दिलेला." "आणि हा आमच्या लताच्या मुंजीतला." "मुंज मुलाची असते गं, लताच्या मुलाच्या म्हण." खोलीतली एकही बाई अशी नव्हती की जिचा तुकडा त्यात नव्हता. सुलभाताईंचे तर सगळ्यात जास्त होते, कारण हात त्यांचा सढळ, हे कुणीही कबूल करील.

सुलभाताईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "ओटीचं कापड आहे हे, चंद्रप्रभा. सवाष्णींनी सवाष्णीला दिलेलं. आणि तू ते..." 'विधवेला' हा शब्द मात्र मधुमतीच्या तोंडावर त्यांच्यानं म्हणवेना. "आयजीच्या जिवावर बायजी उदार. आमचंच कापड घेऊन तू मोठी झालीस."

"तुम्ही माझ्या ओटीत घातलंत तेव्हाच ते माझं झालं," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या ते पुढे ढकलत राहता. मी जपलं. आता कुणाला द्यायचं ते मी ठरवणार. तुम्हाला ही ओटी म्हणायची असेल तर ओटी म्हणा. नाहीतर थंडी आहे, पांघरूण म्हणा. पण मधुमती आता इथून आत जाणार नाही."

"पुढच्या वर्षी बघू हं, तुझी ओटी कोण भरतंय."

"नका भरू. माझी ट्रंक आता रिकामी झालीय, आणि मला तसंच बरं वाटतंय. जुनी लुगडी आहेत माझ्याकडे, मरेपर्यंत पुरतील."

आपण पुन्हा या घरात येऊ शकू की नाही, हे चंद्रप्रभाबाईंना खरंच माहीत नव्हतं. सुलभाताईंशी त्यांची वीस वर्षांची ओळख होती.

रजई पुन्हा घसरली. या वेळी देविकानं ती उचलली नाही. ती लखनौतच वाढलेली, मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. तिनं आपल्या ओटीत थोड्या वेळापूर्वी पडलेला डाळिंबी ब्लाऊजपीस काढला आणि उठून मधुमतीपुढे धरला.

"काकी, कोने में ये लगा दीजिए," ती म्हणाली. "मैं तो वैसे भी नहीं सिलवाती." मग सासूकडे बघून जरा चाचरत म्हणाली, "मम्मीजी, मुझे भी ऐसी वाली चाहिए. पुराने कपड़े की. ये रजाई रुकती ही नहीं."

मधुमतीनं कापड घेतलं. दातांनी कडेला खाच पाडून चौकोन फाडला, कोपऱ्यावर दुमडून बसवला आणि तिथेच टोचून ठेवलेली सुई घातली. घाई केली नाही. जमिनीवर बसलेल्या बायकांच्या पायांना गारठा लागत होता. सगळ्यात जवळच्या बाईनं वाकळीची लोंबती कड हळूच आपल्या गुडघ्यांवर ओढली. मग दुसरीनं. चंद्रप्रभाबाई आणि देविकाही खाली बसून आत शिरल्या. कुंकवाचा करंडा सुलभाताईंच्या हातातच राहिला होता. पुढे सरकायला वाट नव्हती, खोलीभर वाकळ पसरली होती.

मधुमतीनं शेवटचा टाका घातला, गाठ मारली, धागा तोडला. वाकळीची आपल्याकडची कड पोटाशी घेऊन ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि तिनं सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं.

"आज चहा कोण करतंय?" तिनं विचारलं.

एकही बाई जागची हलली नाही. सगळ्यांचे पाय वाकळीत होते. उभ्या एकट्या सुलभाताईच होत्या. त्यांनी करंडा टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या.